पिवळ्या खोलीतली टाकी

४ ऑगस्ट, रविवार

आज आयुषनं अनिताताईंना 'मम्मी' म्हटलं.

लग्नाला पाच वर्षं झाली, आजवर सासूला 'मावशी'च म्हणायचा. एप्रिलनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं दौंडहून कारेगावला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. आतून आवाज आला, "मम्मी, पाणी कुठवर आलं बघा बरं." मला वाटलं गौतमी तिच्या आईला विचारतेय. बघते तर माझा मुलगा, जमिनीवर गुडघे टेकून बसलेला, हातात पाइप. शेजारी माझ्या विहीणबाई पदर खोचून उभ्या.

माशांसाठी काचेची टाकी आणलीय, चांगली चार फुटी. ती ठेवलीय बारक्या खोलीत. जूनमध्ये त्या खोलीला फिका पिवळा रंग दिलेला आयुषनं व्हिडिओ कॉलवर दाखवला होता. कशासाठी म्हणून विचारलं तर नुसता हसला. मी धरून चालले की आम्हा दोघांसाठी. यांना बोललेही होते, आता महिना-महिना जाऊन राहता येईल. तर तिथे मासे राहणार.

गौतमीला व्हायरल ताप आला म्हणून अनिताताई शिरूरहून आल्या, त्याला तीन आठवडे झाले. गौतमी बँकेतून रजेवर, चेहरा पांढरा पडलेला. रक्त कमी झालंय म्हणे. पाया पडायला उठली तर अनिताताई म्हणाल्या, "वाकू नको गं." माझ्या सुनेला, माझ्यासमोर.

परतताना एसटीत मी यांना म्हटलं, "तीन आठवडे कुठं ताप असतो?"

हे म्हणाले, "आसंल. तू डागदर हायस का?"

९ ऑगस्ट, शुक्रवार

आयुषला फोन केला. मासे आणले का विचारलं, तर म्हणाला महिनाभर एकही टाकायचा नाही. आधी पाणी मुरू द्यायचं. तळाला बारीक वाळू, एक वेडंवाकडं लाकूड आणि नुसत्या वनस्पती. अनिताताई रोज पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात, रंग बघतात आणि वहीत लिहितात.

वहीत! शिरूरच्या कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलं म्हणून एवढा रुबाब. मी छत्तीस वर्षं पोस्टात रजिस्टरं लिहिली, एका ओळीत खाडाखोड नाही. मला कुणी वही धर म्हटलं नाही.

"एवढा उपद्व्याप कशाला पण?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, गौतमीचं मन रमेल असं काहीतरी घरात करा."

तापाचे डॉक्टर असं कधीपासून सांगायला लागले?

१८ ऑगस्ट, रविवार

आज मुद्दाम एकटी गेले. जाताना मनाशी ठरवलं होतं, टाकीसाठी दोन सोनेरी गोल्डफिश आपल्याकडून द्यायचे. बोलून दाखवलं तर तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

अनिताताई गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, गोल्डफिशला गार पाणी लागतं. आणि आपल्या वनस्पती तो खाऊन टाकील."

'आपल्या'.

मग गौतमी उठून बसली आणि सांगायला लागली. टाकी दक्षिण अमेरिकेतल्या नदीसारखी करायची. तिकडचं पाणी मऊ, इथलं बोअरचं जड, म्हणून त्यात फिल्टरचं पाणी मिसळायचं. मासे असे निवडायचे की सगळ्यांना एकच पाणी मानवेल, एकाचं तोंड दुसऱ्याला गिळण्याएवढं नसेल, आणि कुणी वर, कुणी मध्ये, कुणी तळाशी राहील. निऑन टेट्रा म्हणून बोटाच्या पेराएवढे मासे असतात, ते एकटे राहिले तर भिऊन मरतात, निदान दहा-बारा लागतात. बोलता बोलता तिच्या गालांवर रंग आला. माझ्याशी इतकं ती गेल्या दोन वर्षांत बोललेली नाही. पण बोलताना मधूनमधून आईकडे बघत होती, बरोबर सांगतेय ना, अशी.

एक गोष्ट मात्र माझी चालली. पाण्यात बदामाची वाळकी पानं टाकतात म्हणे, पाणी चहासारखं होतं आणि माशांना मानवतं. मी म्हटलं, आमच्या रेल्वे कॉलनीत बदामाची चार झाडं आहेत, पोतंभर देते. आयुष म्हणाला, "वा, आई!" एसटीत बसेपर्यंत कानात तेच होतं.

२० ऑगस्ट, मंगळवार

पानं गोळा करताना कॉलनीतली विठाबाई भेटली. "सूनबाई घरीच हाय म्हनं. काय इशेष?" मी म्हटलं, ताप आहे. ती डोळे बारीक करून हसली.

दोन वर्षांपूर्वी गौतमीला दिवस गेले तेव्हा मी विहारात पेढे वाटले होते. तेव्हा दुसरा महिना होता. पुढे ते टिकलं नाही, त्याला कोण काय करणार? पण तेव्हापासून गौतमी माझ्याशी मोजकंच बोलते. दौंडच्या शाखेत चांगली होती, तिथून बदली मागून घेतली आणि माझ्या मुलाला घेऊन कारेगावला गेली. आयुषची कंपनी जवळ पडते, हे कारण सांगायला बरं.

१ सप्टेंबर, रविवार

मासे आले. बारा निऑन आणि तळाशी फिरणारे सहा कोरी, मिशावाले. आयुषनं व्हिडिओ पाठवला. निळी-लाल रेघ चमकते, सगळे एकदम वळतात. सुंदर आहेत, खोटं कशाला लिहू. खाणं टाकणारा हात अनिताताईंचा. बांगड्यांवरून ओळखला.

हे चष्मा लावून तीनदा बघत बसले. मी फोन काढून घेतला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज आयुषचा फोन. अनिताताईंना शिरूरला दोन दिवसांचं काम आहे, त्याच्या कंपनीत ऑडिट आहे, गौतमीजवळ कुणीतरी हवं. "येशील का?"

येशील का! मी पिशवी भरायलाच घेतली.

चार दिवस मी फोनवर बघून दक्षिण अमेरिकेतल्या माशांची यादी उतरवतेय. सोळा नावं झाली. त्यात एक 'ऑस्कर' आहे. मखमली काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे. माणूस ओळखतो म्हणे, हातून खातो. असा एक मासा त्या टाकीत असला तर बघणारा आधी त्याच्याकडेच बघेल, आणि विचारेल, हा कुणी आणला?

१४ सप्टेंबर, शनिवार

इथल्या संपतच्या माशांच्या दुकानातून ऑस्कर आणला. माझ्या तळव्याएवढा आहे. संपत म्हणाला, "मावशी, हा फूटभर हुतो. बारक्या माशांत टाकू नका, खाऊन टाकंल." मी सांगितलं, टाकी चार फुटी आहे. तो परत म्हणाला, "टाकीचं न्हाई, माशांचं सांगतूय मी."

दुकानदारांना बोलायची सवयच असते. यादीत नाव आहे, मी डोळ्यांनी वाचलंय. अजून लहान आहे तो. मोठा होईल तेव्हा बघू.

१५ सप्टेंबर, रविवार

अनिताताई शिरूरला गेल्या, आयुष कामावर. घर माझ्या हातात. दुपारी गौतमी झोपली तेव्हा मी ऑस्करला टाकीत सोडलं. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची असते, तेही केलं. राजासारखा फिरला. निऑन सगळे कोपऱ्यातल्या पानांमागे गेले. मला वाटलं, नवीन पाहुणा आहे, बुजले असतील.

गौतमी उठली आणि टाकीसमोर उभी राहिली. "आई, हा कोणता?"

"दक्षिण अमेरिकेचाच आहे. यादी बघून आणलाय."

काचेला डोळे लावून पानांमागचे निऑन शोधले तिनं. मग म्हणाली, "मम्मीला एकदा फोन करून विचारू का?"

"प्रत्येक गोष्ट मम्मीलाच विचारायची का गं?" मी म्हटलं. आवाज चढला असेल थोडा.

तिनं फोन खाली ठेवला.

१६ सप्टेंबर, सोमवार

हे दौंडला घरी बसून लिहितेय. जसं घडलं तसं लिहायचं ठरवलंय.

सकाळी चहा ठेवला होता. बारक्या खोलीतून गौतमीचा आवाज येत होता. "एक, दोन, तीन, चार." थांबायची आणि परत, "एक, दोन, तीन, चार." जाऊन पाहिलं तर ती टाकीसमोर जमिनीवर बसलेली. एक मोठी वनस्पती मुळासकट वर तरंगत होती. ऑस्कर मध्यभागी, पोट फुगलेलं. निऑन चारच राहिले होते.

मी म्हटलं, "दुसरे आणू गं. केवढेसे ते." त्यावर ती अशी रडली की मला तिच्याजवळ जायची भीती वाटली. माशांसाठी असं कुणी रडत नाही. ते मला तिथे उभं राहून कळायला हवं होतं. मला मात्र एवढंच वाटत होतं की आता अनिताताईंना कळणार.

ऑडिटसाठी रात्रभर कंपनीतच राहिलेला आयुष आला. टाकी बघितली, गौतमीला उठवून आतल्या खोलीत नेलं, मग बाहेर आला.

"कुणी दिला हा?"

"दौंडला दुकान आहे. दुकानदार काहीच बोलला नाही बघ," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं. त्यानं पिशवीवरच्या स्टिकरचा नंबर बघून तिथल्या तिथे फोन लावला आणि चांगला भांडायला लागला. पलीकडून संपतचा आवाज मलाही ऐकू येत होता. "साहेब, मावशींना दोनदा सांगितलं हो. इचारा त्यांना."

आयुषनं माझ्याकडे पाहिलं, फोन ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुला सांगितलेलं तू ऐकत नाहीस," तो म्हणाला, "आणि ऐकलंस की गावभर करतेस. म्हणून तुला सांगितलं नाही आम्ही."

"काय सांगितलं नाही?"

"ताप नव्हता, आई. चौथा महिना संपत आला होता. जुलैमध्ये गेलं."

तो हळू आवाजातच बोलत राहिला, आत गौतमीला ऐकू जाऊ नये म्हणून. मागच्या वेळी मी पेढे वाटले. नंतर सहा महिने बँकेच्या काउंटरवर येणारी प्रत्येक ओळखीची बाई गौतमीला विचारायची, कितवा महिना? आणि ती प्रत्येकीला सांगायची, राहिलं नाही. म्हणून तिनं बदली मागितली. तिनं त्याला ओढून नेलं असं मी म्हणत होते, तर निघण्याचा विचार आधी त्याचाच होता.

"आणि ही खोली?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"पाळणा आणायचा होता," तो म्हणाला. "नंतर तिला ते दार उघडवत नव्हतं. टाकी ठेवल्यावर उघडायला लागली. रोज सकाळी उठून मासे मोजायची. बारा भरले की मग चहा घ्यायची."

त्यानंतर मी काय बोलले आठवत नाही. ऑस्करला त्यानं बादलीत काढून दिलं. झाकणाला भोकं पाडलेली बादली मांडीवर घेऊन मी दोन एसट्या बदलल्या. शिरूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, मासं इकायला का?" मी मान हलवली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काही नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

यांना गेल्या बुधवारीच सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "पोरीला किती तरास झाला आसंल," आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. थोड्या वेळानं संपतकडून मोठी जुनी टाकी घेऊन आले, ऑस्करसाठी. बादलीत तडफडत होता म्हणे.

मी अजूनही रोज एक हिशोब मांडते. अनिताताईंना सगळं माहीत होतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईलासुद्धा माहीत असेल. माझ्या नातवंडाचं मलाच शेवटी कळलं. मग वाटतं, गौतमीला काय वाटलं असेल ते सोडून मी अजून नंबर लावत बसलेय.

१३ ऑक्टोबर, रविवार

दार वाजलं. उघडलं तर अनिताताई एकट्याच.

"जयभीम, ताई. गौतमीनं पाठवलं नाही मला," बसायच्या आधीच म्हणाल्या. "मीच आले."

मी पाणी दिलं. यांनी नेहमीप्रमाणे काहीतरी काम काढून बाहेरचा रस्ता धरला. दोघी समोरासमोर बसलो. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलावंच असं वाटत होतं. तर त्या म्हणाल्या, "तुमची बदामाची पानं चांगली निघाली. पाण्याला छान रंग धरला."

"अनिताताई, मला बोला हवं तर. पण पानांचं नका काढू."

त्या हसल्या आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "मी कशी बोलू तुम्हाला? मागच्या वेळी दवाखान्यात तुम्ही होतात तिच्यापाशी. मी परीक्षेच्या ड्यूटीवर. सुट्टी मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी पोचले. ती शुद्धीवर आली तेव्हा तुमचा हात धरून होती. माझ्या पोरीनं तुमचा हात धरला, हे मला आयुषनं कौतुकानं सांगितलं. दोन वर्षं झाली, ताई. अजून गिळलं नाही मी ते. म्हणून या वेळी आल्यावर हललेच नाही तिथून. आयुष म्हणाला, आईला बोलावू का, तर मीच म्हटलं, राहू दे."

तर असं. मी काय उत्तर द्यायला हवं होतं? समजूत काढायला हवी होती. खरं लिहायचं तर आधी मला बरं वाटलं. तिनं माझा हात धरला होता हे मी विसरूनच गेले होते, आणि कुणीतरी ते दोन वर्षं मनात ठेवून जळत होतं. बरं वाटल्याची लाज मागाहून आली.

"मी तिला त्या दिवशी फोन करू दिला नाही तुम्हाला," मी म्हटलं. "तिला शंका आली होती. मी गप्प केलं."

"सांगितलं तिनं," त्या म्हणाल्या.

मग ऑस्कर बघायला उठल्या. यांनी त्याला काचेजवळ यायची सवय लावलीय; मी गेले की मात्र पाठ फिरवतो. अनिताताईंनी पर्समधून नळी काढली (नळी बरोबर घेऊन फिरतात!) आणि पाणी तपासलं. "थोडं थोडं पाणी आठवड्याला बदला. एकटाच ठेवा याला. वाईट नाही हो तो. त्याची जागा ती नव्हती, एवढंच."

कारेगावला ते चार निऑन लपूनच राहतात, कळप पुरा करायला आणखी आठ हवे होते. आम्ही दोघी संपतच्या दुकानी गेलो. मला बघून तो जरा अवघडला. मी म्हटलं, "संपत, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. या माझ्या विहीणबाई. आता या म्हणतील ते दे."

अनिताताईंनी एकेक मासा निरखून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी पाऊण तास कुणाच्या तरी मागे पिशवी धरून गप्प उभी राहिले.

३ नोव्हेंबर, रविवार

कारेगावला गेले. दार गौतमीनंच उघडलं. साडी नेसली होती, बँकेत परत जायला लागलीय.

वाटेत मी वाक्यं पाठ केली होती. ती सगळी गेली. "दुकानदारानं सांगितलं होतं. मी खोटं बोलले," एवढंच आलं तोंडून. "आणि ते पेढे. ते मी वाटायला नको होते."

ती म्हणाली, "तुम्हाला आनंद झाला होता म्हणून वाटलेत, आई. ते मला तेव्हाही कळत होतं. पण लोकांना उत्तरं मला द्यावी लागली."

तिनं 'असू दे' म्हटलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं, आणि विचार केल्यावर बरोबरही वाटलं. मग दोघींनी मिळून भांडी घासली. ती धूत होती, मी पुसत होते. अनिताताई शिरूरला परत गेल्यात, हे घरात शिरताक्षणीच माझ्या लक्षात आलं होतं. तेही लिहून ठेवते.

आयुष मला स्टँडवर सोडायला आला. मी एसटीत बसल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "पोचलीस की फोन कर." इतके दिवस म्हणाला नव्हता.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी पडलीय. हे ऑस्करच्या टाकीवर घोंगडी टाकतात. मी म्हटलं, मला कधी टाकली नाहीत. तर म्हणाले, "तू कवा थंडी वाजती म्हनलीस?"

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला गौतमीचा फोन आला. एरवी आयुष लावून देतो, आज तिनंच लावला.

"आई, एकट्या आहात का?"

हे बाहेर गेले होते. मी आहे म्हटलं.

काय सांगितलं ते मी इथेसुद्धा लिहीत नाही. तीन-चार महिने जाऊ देत.

"आयुषला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच्यानंतर तुम्हालाच सांगतेय. मम्मीला अजून नाही सांगितलं. मागच्या वेळी तुम्हाला शेवटी कळलं, म्हणून."

मी पहिली. अनिताताईंच्या आधी. तिनं स्वतः फोन करून, मला. क्षणभर, एक काय, चांगले दोन-चार क्षण, वाटलं की राहू दे असंच. संध्याकाळपर्यंत तरी. एवढा एक दिवस तरी माझ्याकडे असू दे, जो त्यांच्याकडे नाही.

मग मला अनिताताई दिसल्या, पाण्याचा पेला हातात धरून बसलेल्या, दोन वर्षांचं न गिळलेलं सांगताना.

"गौतमी," मी म्हटलं, "फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता आईला लाव. आणि मला सांगितलंयस हे तिला सांगू नकोस."

"पण आई..."

"ठेव. नंतर बोलू आपण."

तिनं ठेवला. मी भाजी निवडायला घेतली आणि एकच जुडी तीनदा निवडली. वीस मिनिटांनी फोन वाजला. अनिताताई होत्या. धाप लागल्यासारखा आवाज, हसतायत की रडतायत कळेना.

"ताई! गौतमीचा फोन आला होता. मी म्हटलं तिला, तुझ्या सासूबाईंना मीच सांगते. तुम्हाला कळलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "काय झालं?"